मागचा दिवा मागच्यासाठी

कराडला हायवेलगत माझं रेडियमचं दुकान आहे. नंबरप्लेट, ट्रकवरची नावं, काचेवरचे देव, आणि अलीकडं गाड्यांच्या दिव्यांवर लावायच्या फिल्म. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं एकदमच येतात. ट्रॅक्टरवाला म्हणतो, "मालक, ट्रॉलीच्या मागं दोन पट्ट्या जादा मारा, रात्रीचं कुणी येऊन धडकायला नको." त्याच्या मागं नवी गाडी लावून उभा असलेला पोरगा म्हणतो, "मामा, टेललाइटला डार्क स्मोक मारा, मागून सगळी काळी दिसली पाहिजे." ट्रॅक्टरवाल्याचं काम मी लगेच करतो. पोराला खुर्ची देतो आणि चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट फिल्मची. स्वस्तातली असते ती विनाइलची: धुरकट, पिवळी, निळी, मागाल त्या रंगात. महाग असते ती टीपीयू या लवचिक प्लॅस्टिकची, जिला बाजारात पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) म्हणतात. ती जाड, ताणली जाणारी आणि खडीचा मार सोसणारी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करानं हेलिकॉप्टरची पाती वाचवायला अशी फिल्म वापरली आणि तिथून ती मोटारींवर आली. पीपीएफ पारदर्शक मिळते, तशी स्मोकही मिळते. स्मोक कुठलीही घ्या, काम एकच करते: दिव्याचा उजेड अडवते.

आता मागच्या दिव्याचा हिशेब. टेललाइटच्या लाल काचेत बल्ब असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. (आम्ही काच म्हणतो, पण असतं ते प्लॅस्टिक.) पण बऱ्याच गाड्यांत त्याच काचेत एक खडबडीत, बारीक खड्यांसारखा तुकडा असतो. तो रिफ्लेक्टर. त्याला वीज लागत नाही. मागच्या गाडीचा उजेड त्याच्यावर पडतो आणि आला त्या वाटेनं परत जातो. रात्री गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, दिवे विझले, तर हायवेवर तुमची राखण करणारा तो एकटाच.

समजा, फिल्म १०० पैकी ३० भाग उजेड आरपार सोडते. बल्बचा उजेड तिच्यातून एकदाच बाहेर पडतो, म्हणजे ३० भाग उरतात. रिफ्लेक्टरचं तसं नाही. उजेड आत जाताना एकदा चाळला जातो, परतताना पुन्हा एकदा. तिसाचे तीस टक्के म्हणजे ९. शंभरातले एक्क्याण्णव भाग गेले. ट्रॉलीवाला पदरचे पैसे घालून जे विकत घेतो, तेच कारवाला पैसे देऊन घालवतो.

पोरगं म्हणतं, "पण मामा, रात्री मित्राच्या गाडीला स्मोक आहे, तरी लाल झक्क दिसतं की!" दिसतं, कारण अंधारात थोडा उजेडही उठून दिसतो. खरी परीक्षा भर दुपारी असते. चकचकीत फिल्मवर ऊन तेवढंच चमकतं, आतला ब्रेकलाइट मात्र मंद झालेला असतो. मागच्याला दिवा लागला की नुसतं ऊन पडलंय, हे कळायला एखादा क्षण जातो. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद गेला तरी ११ मीटर गेले.

पुढच्या दिव्यावर स्मोक लावायचं खूळही आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट विरळ होतो. त्या नियमानं, निम्मा उजेड फिल्मनं खाल्ला तर पूर्वी १०० मीटरवर जेवढं उजळायचं, तेवढं आता ७१ मीटरवरच उजळेल. ८० च्या वेगात हे कमी झालेले २९ मीटर सुमारे १.३ सेकंदात संपतात. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउट असताना हेडलाइटवर काळा रंग फासायचे. तेव्हा निदान शत्रूची विमानं हे कारण तरी होतं.

पिवळ्या फिल्मबद्दल मात्र लोक प्रामाणिकपणे विचारतात, कारण थंडीत पहाटे कृष्णाकाठी दाट धुकं असतं. पिवळा उजेड धुकं भेदतो, ही समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये तर १९३६ पासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट हाच नियम होता. पण धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळेच रंग सारखे उधळतात. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत आडवा, सपाट पसरतो म्हणून. पिवळ्या फिल्मनं डोळ्यांना थोडं बरं वाटेल, पण उजेड कमीच होईल.

कायदाही पोरांना सांगावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं ठरवून दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. प्रत्येक दिव्याच्या नमुन्याची चाचणी होऊनच तो गाडीवर येतो. पुण्याची एआरएआय ही अशा चाचण्या करणारी संस्था. आमच्यासारख्यानं वरून फिल्म चिकटवली की त्या चाचणीला काही अर्थ उरत नाही.

मग दिव्यावर काहीच लावू नये का? लावावं, पारदर्शक पीपीएफ. हेडलाइटचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यावरचा थर मरतो आणि ते पिवळं, धुरकट पडतं. डंपरमागून उडणारी खडी त्याला टवके पाडते. चांगली पारदर्शक फिल्म दोन्ही सोसते. पण ती नव्या किंवा स्वच्छ दिव्यावर. आधीच पिवळा पडलेला दिवा पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरनं घासून, पॉलिश करून मगच फिल्म लावायची. नाहीतर पिवळेपणा आत कोंडला जातो.

बसवणाऱ्याकडं लक्षही ठेवा. दिवा आधी धुऊन, तेलकटपणा काढून घेतला पाहिजे. शाम्पूच्या पाण्यात फिल्म सरकवत बसवायची, मधून कडेकडं स्क्विजीनं पाणी काढायचं, हीट गन एका जागी धरून ठेवायची नाही. फिल्म दिव्यावर ठेवूनच ब्लेड ओढणारा कारागीर असेल तर प्लॅस्टिकवर कायमची रेघ उठते. जुनी फिल्म काढतानाही आधी गरम करून, हळूहळू, कमी कोनात ओढायची, नाहीतर वरचा संरक्षक थर सोबत निघून येतो.

ज्यांच्या गाडीला आधीच स्मोक आहे, त्यांनी एक करावं. भर उन्हात कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पंचवीस-तीस पावलं मागं उभं राहावं. रात्री दिवे बंद ठेवून, मोबाइलचा टॉर्च डोळ्यांजवळ धरून तितक्याच अंतरावरून रिफ्लेक्टर चमकतो का पाहावं. शेजारी बिनफिल्मची गाडी उभी केली तर फरक लगेच कळेल. कळला, की फिल्म त्याच दिवशी काढून टाका. मागचा दिवा तुमच्या पैशाचा असला तरी तो तुमच्यासाठी नसतो, मागून येणाऱ्यासाठी असतो. त्यावर शौक करू नका. शौक करायला बंपर आहे, चाकं आहेत, हवं तर दारावर नाव आहे, ते मी झकास काढून देईन.