घरचे डॉक्टर आणि घरची माणसे

घरात कोणी आजारी पडले म्हणजे ‘आता कोणास दाखवावे?’ या प्रश्नावर हल्ली सुशिक्षित कुटुंबांतून सभाच भरते. एकजण हृदयाच्या तज्ज्ञाचे नाव घेतो, दुसरा पोटाच्या. आणि ज्यांनी तीन पिढ्यांच्या नाड्या पाहिल्या ते घरचे डॉक्टर केवळ रजेच्या दाखल्यापुरते आठवतात. आम्ही तरी याहून निराळे कोठे वागलो? या उपेक्षेत नुकसान कोणाचे होते, हे आम्हांस गतवर्षी घरच्याच अनुभवाने कळले. तो सांगण्यापूर्वी या मंडळींची विद्या व त्यांचे नित्याचे काम यांचा थोडा विचार करू.

आम्ही वैद्यकातले अधिकारी नव्हे. मॅट्रिक होऊन संस्कृत शिकलो व आयुष्यभर तेच शिकविले. परंतु विद्या कशी दिली जाते, याविषयी शिक्षकास कुतूहल असणारच. एम्. बी. बी. एस्. चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. त्यानंतर एक वर्ष निरनिराळ्या विभागांतून उमेदवारी. एवढे झाले व नोंदणी झाली की स्वतंत्र दवाखाना उघडता येतो. कुटुंबवैद्यकाचे आणखी तीन वर्षांचे शिक्षण आपल्या देशात आहे. पण ते सक्तीचे नाही व तिकडे वळणारे थोडे. इंग्लंडात रीत याउलट आहे. तेथे पदवीनंतर दोन वर्षांची पायाभूत उमेदवारी व पुढे याच कामाचे किमान तीन वर्षांचे खास शिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडेही १९४६ साली भोर समितीने असे सुचविले होते की, वैद्यकीय विद्यार्थ्याने तीन महिने रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक शिकावे, म्हणजे तो समाजाचा वैद्य होईल.

अशा खास शिक्षणाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९६१ साली केर व्हाइट व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आकड्यांनी दिले. अमेरिका व इंग्लंड येथील माहितीवरून त्यांनी असा हिशेब मांडला की, एक हजार प्रौढ माणसे घेतली तर एका महिन्यात त्यांपैकी ७५० जणांना काही ना काही दुखणे जाणवते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पाठविला जातो तो अवघा एक. विद्यार्थी शिकतो तो बहुशः त्या एकाच्या खाटेशी उभा राहून, आणि पुढे जन्मभर औषध देतो ते त्या अडीचशेंना! निवडलेल्या तांदळात खडा ओळखणे निराळे, आणि न निवडलेल्या पोत्यात हात घालणे निराळे.

घरच्या डॉक्टरांचे रोजचे काम म्हणजे हे निवडणेच होय. ताप, खोकला, अतिसार, अंगदुखी घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळजण चार दिवसांत आपोआप बरे होणारे असतात. त्यांत जो एकटा बिघडणार आहे तो वेळेवर हेरावयाचा. आमचे डॉक्टर लहान मुलाच्या खोकल्यात आधी त्याचा सदरा वर करतात व घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटास ४० किंवा अधिक भरला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. खोकला दोन आठवडे टिकला की ते क्षयासाठी थुंकीची तपासणी करवितात. वृद्धांना ते सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगतात. कारण दोन ठिकाणी दाखविणाऱ्याच्या पिशवीत दोन नावांची एकच गोळी निघणे हे नवल नव्हे. आणि कित्येकदा ते म्हणतात, “आज औषध नको. परवा या, मध्येच त्रास वाढला तर मात्र लगेच या.” आम्हांस पूर्वी हे वाक्य ऐकून पैसे वाया गेल्यासारखे वाटे. काय द्यावे याइतकेच काय देऊ नये हे जाणण्यासही विद्या लागते, हे उमगावयास आमचे केस पांढरे व्हावे लागले.

आता तो अनुभव. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीस जिना चढताना दम लागू लागला व छातीत धडधड होऊ लागली. आम्ही घरच्या डॉक्टरांना ओलांडून तिला थेट मोठ्या रुग्णालयात नेले. हृदयाचे आलेख निघाले, छातीचे चित्र निघाले, सर्व निर्दोष. रक्तात हिमोग्लोबिन मात्र ७. प्रौढ स्त्रीचे ते १२ च्या खाली गेले म्हणजे पंडुरोग समजतात. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आम्ही निश्चिंत झालो. आणि चार महिन्यांनी प्रकृती होती तशीच.

मग आम्ही काहीशा संकोचाने घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिच्या पापण्यांची आतली बाजू पाहिली, नखे पाहिली व आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, रक्त कमी आहे हे कागदावर लिहिलेलेच आहे. ते जाते कोठे, हे आपण कोणी विचारलेत का? जरा बाहेर बसा बरे.” आम्ही बंधूंसह बाहेर बसलो. डॉक्टरांच्या पत्नी आत गेल्या.

पुढील मजकूर तिच्या संमतीनेच लिहीत आहोत. दोन वर्षे तिला मासिक पाळीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होत होता. घरात वडीलधारे पुरुष, सासूबाई आजारी, सांगावे कोणास? गोळ्यांनी पोट बिघडे, म्हणून त्याही फडताळातच होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. गर्भाशयात साधी गाठ निघाली, तिच्यावर उपचार झाले, आणि आज हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे. पण डॉक्टरांनी आम्हांस सांगितलेली गोष्ट याहून जिव्हारी लागली. “पंचवीस वर्षे या घरी येतो आहे,” ते म्हणाले, “वहिनी सर्वांच्या मागून जेवतात. भाजी उरली तर उरली, नाही तर लोणचे; आणि वर लगेच चहा. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. गोळ्या मी बदलून देईन. पंगत तुम्ही बदला.”

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग आढळला. हा आकडा आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता, व गरिबांविषयी हळहळून पान उलटले होते. तो आमच्याच स्वयंपाकघरात बसला आहे हे ज्यांना दिसले, त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. घराची ओळख होती. नॉर्वे देशात प्रत्येकास आपला ठराविक डॉक्टर असतो. तेथील मोठ्या पाहणीत असे दिसले की, एकाच डॉक्टरांकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांत तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण, नुकताच डॉक्टर बदललेल्यांपेक्षा, सुमारे चतुर्थांशाने कमी असते. याला ओळख हेच एकमेव कारण आहे असे यावरून सिद्ध होत नाही. पण आम्हांस ते पटले आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. रोग्याच्या गुणांत, आपले दुखणे नीट सांगता येणे, हाही एक गुण त्यांनी गणला आहे. हे सूत्र आम्ही कित्येक वर्षे जाणत होतो. पण ज्या घरात सांगावयास जागाच नाही, तेथे रोग्याने तो गुण आणावा कोठून? तज्ज्ञांची योग्यता मोठी आहे व प्रसंगी त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. मात्र त्यांच्या दाराशी जाण्याची वाट घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून जावी. त्यांच्यापाशी काही लपवू नये, घरातील स्त्रीस त्यांच्याशी एकांतात बोलू द्यावे, आणि ‘औषध नको’ या सल्ल्याचीही फी आनंदाने द्यावी.

आमच्या घरी आता रात्रीची पंगत एकच बसते. वाढावयास पाळीपाळीने पुरुष उठतात. आमची पाळी मंगळवारी असते.