पत्र स्वीकारले, पण पोचले का?

शाळेच्या कार्यालयातून एका शिक्षकांना प्रशिक्षणाच्या तारखेचे पत्र ई-मेलने जाते. कार्यालयाच्या संगणकावर ते ‘पाठवलेले’ या कप्प्यात दिसते. शिक्षकांच्या पेटीत मात्र ते नसते. कार्यालय म्हणते पाठवले, शिक्षक म्हणतात मिळाले नाही. आणि पुष्कळदा दोघेही खरेच बोलत असतात. मधल्या वाटेवर काय घडते ते दोघांनाही दिसत नाही. ती वाट आपण थोडी पाहू.

‘पाठवा’ ही कळ दाबल्यावर आपले पत्र थेट त्या व्यक्तीकडे जात नाही. ते आपल्याला इंटरनेट किंवा ई-मेलची सेवा देणाऱ्या कंपनीच्या टपाल सांभाळणाऱ्या संगणकाकडे, म्हणजे मेल सर्व्हरकडे जाते. आपल्या गावच्या टपालपेटीत पत्र टाकण्यासारखेच हे. यानंतर हा सर्व्हर पत्त्यातील ‘ॲट’ या खुणेच्या उजवीकडचा भाग वाचतो. (ही खूण ई-मेलच्या पत्त्यात रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये आणली.) उजवीकडचे नाव घेऊन तो इंटरनेटच्या नामसूचीला विचारतो, ‘या नावाचे टपाल कोणता संगणक स्वीकारतो?’ नामसूचीत टपालासाठी अशी वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत १९८६ पासूनची आहे. उत्तर मिळाले की आपला सर्व्हर त्या दुसऱ्या सर्व्हरशी बोलू लागतो.

हे बोलणे ऐकण्यासारखे असते. त्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. नियमांत पुढे भर पडली, पण गाभा तोच आहे. त्या नियमांत प्रत्येक आज्ञा चार अक्षरांची होती. म्हणून ‘हॅलो’ हा इंग्रजी शब्दही एक ‘एल’ गाळून चार अक्षरांत बसवलेला आहे! आपला सर्व्हर आधी स्वतःचे नाव सांगतो, मग पत्र कोणाकडून आहे ते, मग कोणासाठी आहे ते, आणि शेवटी पत्राचा मजकूर. मजकूर संपला हे कळावे म्हणून एका ओळीत नुसता एक टिंब. समोरचा सर्व्हर दर वेळी तीन अंकी आकड्याने उत्तर देतो.

आपल्या दृष्टीने त्या आकड्याचा पहिला अंक महत्त्वाचा. चारने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारे म्हणजे ‘हे पत्र घेणार नाही’. आणि टिंबानंतर आलेले २५० हे उत्तर म्हणजे ‘घेतले’. हे ‘घेतले’ साधे नाही. नियमांनुसार हा आकडा उच्चारला त्या क्षणी पत्राची जबाबदारी देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे गेली. आता ते पुढे पोचवायचे, नाहीतर पोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवायचे. नंतर यंत्र बंद पडले ही सबबसुद्धा नियमांना मान्य नाही. टपाल खात्यातील नोंदणी पत्राची पावती आठवावी.

‘नंतर या’ असे उत्तर आले तर पत्र आपल्या सर्व्हरकडेच रांगेत थांबते. कुलूप लागलेल्या घरी पोस्टमन पुन्हा फेरी मारतो, तसा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. साधारण अर्ध्या तासाने पुन्हा विचारावे आणि चार-पाच दिवस तरी चिकाटी सोडू नये, असे नियम सुचवतात. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच ‘नंतर या’ म्हणतात. ही युक्ती २००३ मधली. नको असलेल्या जाहिरातींची पत्रे लाखांनी उधळणारे पुन्हा फेरी मारण्याची तसदी सहसा घेत नाहीत, प्रामाणिक सर्व्हर मात्र परत येतो. नव्या माणसाचे पहिलेच पत्र कधीकधी उशिरा येते त्याचे एक कारण हे.

इथपर्यंत सारे सरळ आहे. घोटाळा होतो तो पत्र पुढे धाडण्यात.

समजा, एका शिक्षकांनी सेवा देणारी कंपनी बदलली. जुना पत्ता सगळ्यांकडे गेलेला असल्याने तो चालू ठेवून तिथे आलेले पत्र आपोआप नव्या पत्त्यावर जावे अशी सोय त्यांनी केली. युनिक्स संगणकांवर तर एका छोट्या फाईलमध्ये नवा पत्ता लिहून ठेवला की काम होत असे. घर बदलल्यावर पोस्टमन पाकिटावरचा जुना पत्ता खोडून नवा लिहितो, तसेच हे. इथे लक्षात घ्यायचे ते असे की ई-मेललाही पाकीट असते. दोन सर्व्हर बोलताना ‘कोणाकडून, कोणासाठी’ जे सांगतात ते पाकीट. आपल्याला पडद्यावर दिसणारी नावे ही आतल्या कागदावरची. दोन्ही सारखी असलीच पाहिजेत असे बंधन नाही. पुढे धाडताना पाकिटावरचा ‘कोणासाठी’ बदलतो. ‘कोणाकडून’ बहुधा तोच राहतो.

याच ढिलाईचा फायदा घेऊन लोक पाकिटावर भलत्याचेच नाव घालू लागले. त्यावर उपाय म्हणून पाठवणाऱ्या संस्था नामसूचीत जाहीर करू लागल्या, की आमच्या नावाचे टपाल फक्त या या संगणकांवरून निघते. या पद्धतीचे नियम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उपाय चांगला, पण आपल्या शिक्षकांचे काय झाले पाहा. शाळेचे पत्र जुन्या कंपनीने पुढे धाडले. नव्या कंपनीच्या दृष्टीने पाकिटावर नाव शाळेचे आणि ते घेऊन आलेला संगणक मात्र शाळेच्या यादीत नसलेला. म्हणजे तोतयाच! प्रामाणिक मध्यस्थ आणि लबाड यांत फरक करण्याचे साधन या यादीत नाही.

म्हणून दुसरा उपाय आला तो मोहोरेचा. पाठवणारा सर्व्हर मजकुरावर गणिती मोहोर उमटवतो. पत्र कोणत्याही वाटेने आले तरी ती तपासता येते. पुढे धाडताना मजकुराला हात लावला नाही तर मोहोर शाबूत राहते. ‘हे पत्र विषाणूमुक्त आहे’ अशी एखादी ओळ तळाशी जोडली की ती तुटू शकते. यादी आणि मोहोर दोन्ही फसल्या तर पत्र नाकारा, असे पाठवणारी संस्था जाहीर करू शकते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी असे जाहीर केले, तेव्हा गटांमध्ये पत्रव्यवहार करणाऱ्या अनेकांची पत्रे एकाएकी परत येऊ लागली. गटाचा सर्व्हर पत्र सर्वांना वाटताना विषयात गटाचे नाव किंवा तळाशी एखादी ओळ घालतो, त्यामुळे यादीही फसे आणि मोहोरही.

आता जबाबदारीकडे परत येऊ. जुन्या कंपनीने शाळेला २५० म्हणून पावती दिलेली आहे. नवी कंपनी पत्र नाकारते. नियमाने जुन्या कंपनीने शाळेला तसे कळवायला हवे. परंतु पाकिटावरचे नावच खोटे असेल तर ही सूचना भलत्याच्या दारात जाऊन पडते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘सोबिग’ या संगणक-किड्याने खोट्या नावांनी पत्रे पाठवली, तेव्हा काहीही न पाठवलेल्या लोकांच्या पेट्या अशा ‘पोचले नाही’च्या सूचनांनी भरून गेल्या. या उपद्रवामुळे बरेच सर्व्हर आता गप्प राहणे पसंत करतात. संशयित पत्र कचऱ्याच्या कप्प्यात जाते, किंवा कुणालाही न कळवता टाकून दिले जाते. कारण समजण्यासारखे आहे. तरी पावती द्यायची, पत्र पोचवायचे नाही आणि कळवायचेही नाही, हा सौदा आम्हाला पटत नाही. सुरुवातीच्या कार्यालयाचे आणि शिक्षकांचे दोघांचेही म्हणणे खरे ठरते ते इथेच.

म्हणून जुना पत्ता ठेवायचाच असेल तर पुढे धाडण्याच्या सोयीवर विसंबू नये. दोन्ही पेट्या एकाच टपाल-प्रोग्रॅममध्ये उघडून वाचणे अधिक सुरक्षित. आणि महत्त्वाच्या पत्राचे उत्तर मागवावे. तीच खरी पोच.

वाट पाहण्याचे साधन मात्र प्रत्येक मिळालेल्या पत्रातच असते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर पत्राच्या माथ्यावर ‘मला मिळाले’ अशी एक ओळ वेळेसह जोडतो. दोन पेट्या एकमेकींकडे पत्र धाडत बसल्या तर या ओळी वाढत जातात, आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की सर्व्हर ते पत्र थांबवतो. टपाल-प्रोग्रॅममध्ये ‘मूळ पत्र दाखवा’ अशा अर्थाची सोय शोधली की या ओळी दिसतात. वर्गात एक पत्र असे उघडून दाखवावे. ओळी खालून वर वाचायच्या, कारण नवी ओळ नेहमी वर चढते. वेळेपुढे ‘अधिक ०५३०’ असेल तर ती भारतीय वेळ, ‘०’ असेल तर ग्रिनिचची. वजाबाकी करण्याआधी सर्व वेळा एकाच पद्धतीत आणून घ्याव्यात. मग दोन लागोपाठच्या ओळींत तासाभराचे अंतर दिसले आणि संगणकांची घड्याळे बरोबर असली, तर पत्र कोणाच्या रांगेत अडकले होते ते मुलांना बोट ठेवून सांगता येते.