चेन स्वस्त, चूक महाग
माउंटन बाइकचे झिजलेले भाग बदलताना होणारे गैरसमज

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. पण रविवारी पहाटे गंगापूर रोडने किंवा त्र्यंबकच्या दिशेने निघणाऱ्या बहुतेकांकडे शर्यतीची सायकल नसते. असते ती हौसेने घेतलेली, २१ गिअरची, जाड टायरची माउंटन बाइक. अंजनेरीच्या पायथ्याचा चिखल खात तिने दोन पावसाळे काढले, की एखाद्या दिवशी नांदुरीहून सप्तशृंगगडाकडे चढताना उभं राहून पेडल मारावं आणि खाली 'कट्' व्हावं. चेन घसरली.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, फक्त चेन टाक. दुसरा म्हणतो, सगळा सेट बदल. तिसरा सांगतो, एवढे पैसे घालण्यापेक्षा नवीच घे. तिघंही मोजमाप न करता बोलत असतात. आणि या खरेदीत पैसे वाया जातात ते बहुतेकदा महाग भागावर नव्हे, न जुळणाऱ्या भागावर.

गैरसमज १ : चेन तुटत नाही तोवर चांगली आहे.

चेन तुटून क्वचितच निकामी होते. ती लांबून निकामी होते. लोखंड ताणलं जातं असं नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग कणाकणाने झिजतो, सांधे सैल होतात आणि शंभरावर सांध्यांची ती ढिलाई एकत्र होऊन चेन लांब होते. मग ती दात्याच्या बुडाशी न बसता वर सरकून बसते आणि दाते खाऊ लागते.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्टीलची फूटपट्टी पुरते. नव्या चेनमध्ये दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, म्हणून २४ अंतरं म्हणजे १२ इंच. चेन ताणून धरा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि तिच्यापुढची चोविसावी पिन पाहा. ती १२ इंचांच्या खुणेवर असेल तर चेन ठणठणीत. १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला; मागची चक्रं बहुधा वाचतील. १/८ इंच पुढे गेली असेल तर उशीर झाला. चेनने चक्रंही खाल्ली असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज २ : नवी चेन टाकली की घसरणं थांबतं.

उलट, कित्येकदा नवी चेन टाकल्यावरच घसरणं सुरू होतं. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांच्या संगतीने झिजलेले असतात, त्यामुळे ते कसेबसे जुळतात. नवी चेन अर्ध्या इंचाच्या नेमक्या मापाची. झिजलेल्या दात्यांत ती बसत नाही आणि जोर आला की उडी मारते. चणे आहेत तर दात नाहीत, तसलाच प्रकार.

घसरणं दोन-तीन ठरावीक गिअरांवरच होतं का, ते पाहा. रोज वापरातली मधली चक्रं आधी जातात. पुढच्या चेनरिंगचे, म्हणजे पेडलजवळच्या चक्राचे, दाते माशाच्या परासारखे वाकडे झाले असतील, तर तीही संपली. पण पुढच्या मोठ्या चक्राला दाते जास्त, त्यामुळे झीज अधिक दात्यांवर वाटली जाते आणि ते मागच्यापेक्षा जास्त टिकतं. नजर टाकल्याशिवाय ते बदलू नका.

मोजकं बजेट असलेल्या माणसाला दोनच रस्ते शहाणपणाचे. एक, चेन वेळेवर बदलत राहायची आणि एका चक्रसंचावर दोन-तीन चेन काढायच्या. दोन, वेळ टळून गेलीच असेल तर काहीही न बदलता सगळं पूर्ण संपेपर्यंत चालवायचं आणि मग चेन व मागचा संच एकदमच घ्यायचा. मधला रस्ता, म्हणजे संपलेल्या दात्यांवर नवी चेन, हाच सर्वांत महाग.

गैरसमज ३ : मागची चक्रं म्हणजे कॅसेट.

दुकानात सगळेच 'कॅसेट' म्हणतात, पण मागे ६-७ गिअर असलेल्या स्वस्त सायकलींवर बहुतेकदा फ्रीव्हील असतं. फ्रीव्हीलमध्ये टकटक वाजणारी यंत्रणा चक्रांच्याच पोटात असते आणि अख्खा गोळा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी फिरवून बसवतात. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्ये असते; चक्रं नुसती खाचांवर सरकवून वरून रिंग आवळतात. एकाचा भाग दुसऱ्यावर बसत नाही, आणि उघडण्याचं हत्यारही वेगळं.

ओळखायची खूण सोपी. मागचं चाक काढा आणि चक्रं उलटी फिरवा. हत्यार बसवायच्या मधल्या खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागीच राहिल्या तर फ्रीव्हील.

हा फरक खिशाशी थेट जोडलेला आहे. हबवर फ्रीव्हील असेल आणि तुम्ही ९ किंवा १० गिअरची कॅसेट घेऊन आलात, तर पुढे हब किंवा अख्खं चाक घ्यावं लागेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. कॅसेटवाल्यांचं नशीब बरं: शिमानो कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या हबवर ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट बसतात, माउंटन बाइकच्या ११ गिअरच्याही बसतात. १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या १२ गिअरच्या कॅसेटला मात्र वेगळा हब लागतो.

गैरसमज ४ : सात गिअरच्या सायकलला सात गिअरचाच डिरेलर हवा.

मागे किती चक्रं आहेत हे डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, कळत नाही. गिअरची संख्या हँडलवरच्या शिफ्टरमध्ये असते. एका 'टक्'ला किती केबल ओढायची ते तो ठरवतो. केबल जेवढी ओढली जाईल त्या प्रमाणात डिरेलर सरकतो, एवढंच. शिमानोच्या माउंटन बाइकच्या ७, ८ आणि ९ गिअरच्या डिरेलरमध्ये हे प्रमाण एकच आहे. म्हणून ७ चा तुटला आणि ९ चा चांगला मिळाला, तर जुन्या शिफ्टरवर तो चालतो. १० गिअरपासून शिमानोने माउंटन बाइकसाठी हे प्रमाण बदललं. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरचं गणित वेगळं. तिथे सरमिसळ करू नका.

संख्येपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे: डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांचं चक्र पेलतो, आणि किती सैल चेन गोळा करू शकतो. दुसरा आकडा घरीच काढता येतो. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ असतील, तर ४२ वजा २४ म्हणजे १८, आणि २८ वजा १४ म्हणजे १४, बेरीज ३२. मागे ३४ चं मोठं चक्र आणलं तर बेरीज ३८ होते. डिरेलरच्या माहितीत दिलेली क्षमता याहून कमी असेल, तर चेन लोंबेल. आणि ते टाळायला चेन आखूड केली, तर पुढे मोठं आणि मागेही मोठं चक्र पडताच डिरेलर मोडेल.

गैरसमज ५ : चेन ती चेन, कुठलीही बसते.

गिअर वाढले की चक्रं दाटीने बसतात आणि चेन बारीक होत जाते. ६, ७ आणि ८ गिअरची चेन एकच, बाहेरून सुमारे ७ मिलिमीटर रुंद. ९ ची साधारण ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५, तर १२ ची त्याहूनही बारीक. म्हणून ७ गिअरच्या सायकलला ८ ची चेन बिनधास्त घ्या; ८ ची चेन १० वर नको. गिअर नसलेल्या साध्या सायकलची चेन तर आतूनच रुंद असते. ती गिअरच्या सायकलवर नीट चालतच नाही. जोडकडीही चेनच्याच मापाची घ्या.

गैरसमज ६ : गिअर नीट पडत नाही, म्हणजे डिरेलर गेला.

डिरेलर बदलायच्या आधी केबलकडे पाहा. आतली तार गंजली, बाहेरच्या नळीत पावसाळ्याचा चिखल साचला, की गिअर अडतात. तार आणि नळी हे या खरेदीतले सर्वांत स्वस्त भाग, आणि अनेक तक्रारी तिथेच मिटतात. मग डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो ती मागून पाहा. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर ती पट्टी आत वळलेली असते. वाकड्या पट्टीवर कितीही भारी डिरेलर लावा, तो वाकडाच चालणार.

गैरसमज ७ : पुढे एकच चेनरिंग केली की चढ सोपा होतो.

स्रॅमने २०१२ मध्ये पुढे एक आणि मागे ११ चक्रांचा संच आणला, तेव्हापासून ही पद्धत रुजली. तिचे फायदे खरे आहेत: भाग कमी, खडबडीत वाटेवर चेन पडणं कमी. पण चढ सोपा होतो की नाही, ते भागाकार सांगतो. पुढचे दाते भागिले मागचे दाते. उत्तर जितकं लहान तितका चढ हलका. पुढे २४ आणि मागे ३४ असलेल्या सायकलवर २४ भागिले ३४ म्हणजे ०.७१. एकच ३२ ची चेनरिंग आणि मागे ४२ केलं तर ०.७६. म्हणजे नवा शिफ्टर, डिरेलर, कॅसेट, चेन, चेनरिंग, वर कदाचित हब असा सगळा खर्च करून चढ अवघडच झाला!

याउलट, मागचं १४-२८ चं फ्रीव्हील झिजलंच आहे, तर त्या जागी १४-३४ चं घ्या. फक्त डिरेलर ३४ पेलतो ना, एवढं बघा. गुणोत्तर ०.८६ वरून ०.७१ वर येतं. मिनिटाला ७० वेळा पेडल फिरवत २६ इंची चाकाची सायकल ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालवता येते. आधी तेवढ्याच फेऱ्यांना सातच्या पुढचा वेग धरावा लागत होता. सप्तशृंगगडाच्या घाटात हा फरक मांड्यांना कळतो. मोठ्या चक्रासाठी चेनही लांब लागेल. नवी चेन जुनीच्या मापाने तोडू नका: डिरेलर सोडून चेन पुढच्या आणि मागच्या मोठ्या चक्रांवरून घ्या आणि वर एक इंच ठेवा.

गैरसमज ८ : महाग भाग जास्त टिकतो.

वरच्या श्रेणीत पैसे मुख्यतः वजन कमी करण्याचे आणि गिअर झटकन पडण्याचे असतात. तिथे मोठी चक्रं कधी अॅल्युमिनियमची, कधी टायटॅनियमची असतात. साधं पोलाद जड असतं, पण झिजायला चिवट. रोजच्या वापराला पोलादी चक्रं आणि मधल्या श्रेणीची चेन पुरे. उरलेले पैसे पुढच्या चेनसाठी बाजूला ठेवा.

आणि तेलही विसरू नका. इंजिन ऑइलने निथळणारी चेन म्हणजे धूळ धरण्याचा सापळा. तेलात मिसळलेली माती कानशीसारखी घासते. चेन पुसून घ्या, प्रत्येक रोलरवर थेंबभर तेल सोडा, ते आत मुरू द्या आणि बाहेरचं कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेलाचं काम आत असतं, बाहेर नाही.

दुकानात जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: मागे चक्रं किती, त्यातल्या सर्वांत लहान आणि मोठ्या चक्राचे दाते, पुढच्या चेनरिंगचे दाते, फ्रीव्हील की कॅसेट, आणि शिफ्टरवरचं नाव. सोबत फूटपट्टीवर चेन किती पुढे गेली तो आकडा. मग 'सगळा सेट बदला' असं कुणी म्हणालं, तर कागद पुढे करा आणि विचारा, यातलं नेमकं काय झिजलंय?