हा ठिपका कुणाचा?

बालमित्रांनो, समजा तुम्ही तलासरीला राहता आणि दर रविवारी एसटीने डहाणूला पेटी शिकायला जाता. क्लासमध्ये नोटेशनचं पुस्तक एकच आणि शिकणारे दहा जण! मग काय, स्टेशनाजवळच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणायची. घरी येऊन कागद उघडता, तर त्यावर ठिपकेच ठिपके! कडेला काळा पट्टा, मधूनच गेलेली एक उभी रेघ आणि भरीला कुणीतरी आधी ओढलेल्या पेन्सिलीच्या खुणा. तुम्ही लगेच व्हाइटनर शोधायला धावता.

थांबा! गोष्टीच्या पुस्तकावर पडलेला ठिपका खुशाल पुसा. पण नोटेशनमधला ठिपका पुसलात, तर गाणंच बदलेल!

ते कसं? सांगतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईच्या वाळकेश्वरचे. शिक्षणाने वकील, पण वेड संगीताचं. देशभर फिरून, मोठमोठ्या गवयांकडून त्यांनी चिजा मिळवल्या आणि लिहून काढल्या. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग आजही विद्यार्थी वापरतात. त्यांची स्वरलिपी अगदी सोपी आहे. स्वराखाली ठिपका असला की तो मंद्र सप्तकातला, म्हणजे खालचा. वर ठिपका असला की तार सप्तकातला. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर आणि ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम.

आता गंमत पाहा. भूप रागात स्वर पाचच : सा रे ग प ध. सगळे शुद्ध. या ‘ग’खाली पेन्सिलीची एक रेघ आली, की तो झाला कोमल. मग तुमच्या भूपाचे स्वर शिवरंजनीचे होतात! उलट, यमनातल्या ‘म’वरची उभी रेघ मळ समजून पुसलीत, तर उरले बिलावलचे स्वर. पाहिलंत? एवढीशी रेघ, पण केवढी तिची सत्ता!

आणखी एक मेख आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी वेगळी. तिच्यात डोक्यावरचा ठिपका मंद्र स्वराचा आणि डोक्यावरची उभी रेघ तार स्वराची. म्हणून झेरॉक्स काढताना पुस्तकाचं नाव आणि खुणांचं पान न विसरता आणा.

मग नको असलेल्या खुणा आल्या कुठून? झेरॉक्सची ही युक्ती अमेरिकेतल्या चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिल्यांदा जमवून दाखवली. स्थिर विजेमुळे काळी पूड अक्षरांच्या जागी चिकटते आणि उष्णतेने कागदावर पक्की बसते. यंत्राच्या काचेवर धुळीचा कण असला, तर त्याचीही छबी उमटते. ही पूड वितळून बसलेली असल्यामुळे ती खोडरबराने जात नाही, हे लक्षात ठेवा.

चोर पकडायची युक्तीही सांगतो. दुकानात असतानाच काचेवर एक स्वच्छ कोरा कागद ठेवून त्याची झेरॉक्स मागा. त्यावर जे ठिपके येतील ते यंत्राचे! घरी तो कागद आणि नोटेशनचं पान एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. जे ठिपके जुळतील, ते बेलाशक पुसा. उभ्या रेघेचंही तसंच. विभागाची रेघ ओळीपुरतीच असते, यंत्राची रेघ मात्र पान चिरत खाली जाते.

आता कामाला लागा :

१. मूळ पानावर हात फिरवू नका. त्याची आणखी एक झेरॉक्स काढा आणि तिच्यावर काम करा.

२. जे ठिपके जुळले नाहीत, ते मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. शंका असेल तिथे फक्त गोल करून ठेवा.

३. पेन्सिलीच्या खुणा पुसण्याआधी सरांना किंवा बाईंना विचारा. कदाचित छापलेली चूक त्यांनीच सुधारली असेल!

४. व्हाइटनर बारीक ब्रशने, स्वराला न लावता लावा. खिडकी उघडी ठेवा, वास घेऊ नका. मोठा डाग असेल तर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा.

५. वाळलं की त्याची पुन्हा झेरॉक्स काढा. झाली स्वच्छ प्रत!

मोबाइलने फोटो काढून पान स्वच्छ करणार असाल, तर जास्तच जपा. ‘डाग काढा’ म्हटलं, की मोबाइल बारीक ठिपके धडाधड उडवतो. त्याला काय ठाऊक, त्यातला कुठला मंद्र ‘नी’चा होता! मूळ फोटो जपून ठेवा.

शेवटी परीक्षा. तीनताल असेल तर एका आवर्तनात १६ मात्रा भरतात का, ते मोजा. खाली अर्धचंद्र असलेले स्वर मिळून एकच मात्रा धरा. स्वरापुढची छोटी आडवी रेघ म्हणजे एक मात्रा थांबणं. ती पुसली गेली असेल, तर हिशेब लगेच चुकेल. मग पान समोर ठेवून गा. जिथे कान अडखळेल तिथे पुन्हा पुस्तक पाहा.

कान कसा पक्का होतो, हे आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पाहावं. सुकवलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचा तारपा घुमू लागला, की वारली माणसं हातात हात गुंफून फेर धरतात. त्यांच्यासमोर कुठे कागद असतो? ऐकून ऐकूनच तारपा शिकला जातो. कागद विसरू नये म्हणून असतो. बरोबर की चूक, हे कानालाच विचारायचं.

आई-बाबांनो, तुम्हाला सूर कळत नसला तरी चालेल. मूळ पुस्तक तुम्ही हातात धरा आणि मुलांना एकेक खूण वाचून दाखवायला सांगा. दोघांनी मिळून तपासलं की नजरचूक कमी होते.

तर मित्रांनो, काढा पाहू तुमची झेरॉक्स! आणि प्रत्येक ठिपक्याला आधी विचारा, ‘बाबा रे, तू कुणाचा?’