प्रयोगाच्या नोंदींची जपणूक

शेतीच्या प्रयोगाचे फळ खळ्यावर दिसते, परंतु त्याचे ज्ञान वहीत राहते. धान्य विकले जाते, खाल्ले जाते. पुढील पिढीच्या हाती उरते ती त्याची नोंद. ती हरवली किंवा अपुरी राहिली, तर त्या हंगामाचे श्रम, खत व पैसा यांपासून मिळावयाचा धडाही कायमचा जातो. म्हणूनच संशोधनाच्या आकडेवारीची व्यवस्था हे आज अनेक विद्यापीठांनी स्वतंत्र कार्य मानले आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे.

मॉरो प्रयोगक्षेत्र

अर्बाना येथे या विद्यापीठाच्या आवारात १८७६ साली सुरू झालेले मॉरो प्रयोगक्षेत्र हे अमेरिकेतील सर्वांत जुने पीक-प्रयोगक्षेत्र होय. मूळच्या १० तुकड्यांपैकी आज ३ शिल्लक आहेत. पहिल्या तुकड्यात दरवर्षी मकाच घेतला जातो. दुसऱ्यात मका व ओट यांची फेरपालट होती. १९६७ पासून ओटची जागा सोयाबीनने घेतली. तिसऱ्यात मका, ओट व वैरणीचे पीक अशी तीन वर्षांची फेरपालट आहे. या शेताची विद्यापीठाने किती काळजी घ्यावी? त्याच्या शेजारी १९६९ साली उघडलेले ग्रंथालय, इमारतीची सावली मक्यावर पडू नये म्हणून, जमिनीखाली बांधण्यात आले.

या क्षेत्राने दिलेला धडा सर्वश्रुत आहे. खताविना एकच पीक सतत घेतल्यास जमिनीचा कस उतरतो. फेरपालट व खत यांनी तो सावरता येतो. परंतु हा निष्कर्ष एका-दोन हंगामांत निघालेला नाही. त्यामागे पिढ्यान् पिढ्या राखलेल्या नोंदी आहेत.

नुसता आकडा मुका असतो

तथापि उत्पन्नाचा आकडा एकटा फार थोडे सांगतो. १९०४ साली काही भागांस शेणखत, चुना व स्फुरद देण्यास प्रारंभ झाला. १९५५ साली आणखी काही भागांस रासायनिक खते देण्यात येऊ लागली. मधल्या काळात संकरित बियाणेही आले. हे बदल कोणत्या भागात व कोणत्या वर्षी झाले याची टीप नसेल, तर खताचे श्रेय बियाण्यास आणि बियाण्याचे श्रेय पावसास दिले जाईल. मापांचीही तीच गोष्ट. तेथील मक्याचा बुशेल ५६ पौंडांचा, तर ओटचा ३२ पौंडांचा धरतात. केवळ 'बुशेल' हा शब्द वाचून दोन पिकांची तुलना करणारा हमखास फसेल. आपल्याकडे 'पोते' या मापाने तरी याहून निराळे काय होते?

विद्यापीठाची सेवा

या विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांच्या आकडेवारीसाठी खास सेवा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ पासून प्रत्येक अनुदान-अर्जासोबत आकडेवारीच्या व्यवस्थेचा आराखडा मागण्यास सुरुवात केली. असे आराखडे तयार करण्यास ही सेवा मदत करते, संशोधक व विद्यार्थी यांचे वर्ग घेते आणि पूर्ण झालेली आकडेवारी तपासून कायमच्या साठ्यात ठेवते. साठ्यातील प्रत्येक संचास कायम क्रमांक मिळतो. त्यावरून तो कोणासही शोधता येतो.

मॉरो प्रयोगक्षेत्राची आकडेवारी २०२२ साली याच साठ्यात सर्वांसाठी खुली करण्यात आली. उत्पन्नासोबत पिके व खते यांची वर्षवार माहिती तीत दिली आहे. मात्र तिचा प्रारंभ १८८८ पासून होतो. पहिल्या १२ वर्षांचे उत्पन्न तीत नाही. आज कितीही द्रव्य खर्चिले तरी ती वर्षे पुन्हा पेरता येणार नाहीत.

वर्गात काय शिकवितात?

अशा वर्गांतून शिकविले जाणारे नियम साधे असून, गावातील प्रात्यक्षिक प्लॉटलाही ते तंतोतंत लागू पडतात.

१. वहीच्या पहिल्या पानावर प्लॉटचा गट क्रमांक, क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख आणि वापरलेल्या आद्याक्षरांचा खुलासा लिहावा.

२. माप स्पष्ट लिहावे. क्षेत्र गुंठ्यांत की एकरांत, वजन किलोत की क्विंटलमध्ये, दाणे ओले असताना तोलले की वाळल्यावर, हे नमूद करावे.

३. उत्पन्न मिळालेच नाही तर शून्य लिहावे. मोजणी झाली नसेल तर 'मोजले नाही' असे लिहावे. या दोहोंत महदंतर आहे. रिकामी जागा वाचणाऱ्यास दोन्हींपैकी काहीच सांगत नाही.

४. चूक झाल्यास खोडून काळे करू नये. मूळ आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी नवा आकडा, तारीख व सही घालावी.

५. नोंद त्याच दिवशी, बांधावरच करावी. आठवणीवर विसंबू नये.

६. नोंदीची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. संगणकात किंवा मोबाइलमध्ये नोंद असली तरी हा नियम सुटत नाही.

निष्कर्ष

प्रात्यक्षिकाच्या दिवशी गावकरी जमतात, पीक पाहतात व घरी जातात. तीन वर्षांनी एखादा शेतकरी विचारतो, "त्या प्लॉटला पाणी किती पाळ्या दिले होते?" त्या वेळी उत्तर कार्यकर्त्याच्या वहीतून निघाले पाहिजे. त्याची बदली झाली असली तरी त्याच्या जागी आलेल्यास ती वही वाचता व समजता आली पाहिजे. कोठीतील बियाणे आपण राख लावून, ऊन दाखवून जपतो, कारण पुढील पेरणी त्यावर अवलंबून असते. नोंदवहीदेखील शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी त्याच भावनेने जपावी.