पापणी उतरली तर

वरची पापणी डोळ्यावर येऊ लागली की माणूस नकळत भुवया उंचावून ती वर धरायला लागतो. कपाळावर आठ्या पडतात, संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं, आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' वय हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. आणि पापणीवरचा प्रत्येक इलाज हा हौसेचा असतो, हा समज तर साफ चुकीचा आहे.

आधी मोजमाप

डॉक्टर टॉर्च दाखवतात. बाहुलीवर उजेडाचा ठिपका चमकतो, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजतात. साधारण ४ ते ५ मिलिमीटर भरलं तर ठीक. ते २ किंवा त्याहून कमी झालं तर नजरेचा वरचा भाग झाकला जातोय असं समजायचं. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी दोनदा होते: एकदा पापणी आहे तशी ठेवून, एकदा चिकटपट्टीने वर धरून. दोन्हींत फरक दिसला तर शस्त्रक्रिया दृष्टीसाठी, नाहीतर रूपासाठी. रूपासाठी करण्यात गैर काही नाही, फक्त कोणत्या कारणाने करतोय ते आधी ठरलेलं बरं.

कातडी सैल की स्नायू ढिला

आरशात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून इथेच गफलत होते. कातडी सैल पडली असेल तर पापणीच्या घडीवर छेद घेऊन जास्तीची कातडी, गरज असेल तर थोडी चरबीही काढतात. बहुतेकदा जागेपुरती भूल पुरते. टाके आठवड्याभरात निघतात, सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोनेक आठवडे लागतात. कातडी जास्त काढली गेली तर डोळा नीट मिटत नाही, म्हणून चांगला सर्जन इथे हात राखूनच असतो. फार क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी धोक्यात येते. घरी गेल्यावर तीव्र वेदना किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता लगेच निघायचं.

पापणी उचलणारा स्नायूच ढिला असेल तर नुसती कातडी कापून काही साधत नाही. तो स्नायू आखडून घ्यावा लागतो. त्यात ताकदच नसेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला टांगतात. त्यासाठी मांडीतली चिवट पट्टी किंवा सिलिकॉनचा धागा वापरतात.

सकाळी ठीक आणि संध्याकाळी उतरलेली पापणी दिसली तर स्नायूंच्या थकव्याचा आजार तपासायला हवा. आणि पापणी अचानक उतरली, सोबत डोकं ठणकतंय, दोन दोन दिसतंय किंवा बाहुली मोठी झाली आहे, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तेव्हा ब्युटी क्लिनिक नाही, थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

लहान मुलं

जन्मतः उतरलेली पापणी 'मोठा झाला की होईल नीट' म्हणून सोडून देऊ नये. पापणीने बाहुली झाकली की त्या डोळ्याची नजर घडतच नाही, तो आळशी होतो. ते नुकसान पुढे भरून काढणं अवघड असतं.

न मिटणारा डोळा

चेहऱ्याची नस लुळी पडून तोंड वाकडं झालं की उलटा त्रास होतो: पापणी मिटतच नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. अशा वेळी पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडचा फायदा होतो. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी हे सांभाळावं लागतं. त्रास टिकला तर पापणीत सोन्याचं छोटं वजन बसवतात. सोन्याचा इतका उपयोगी दागिना दुसरा नसेल.

हायवेच्या जखमा

पुण्याजवळचं सोमाटणे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. अशा रस्त्यावरच्या अपघातात काच किंवा वाळू लागून पापणीची कड फाटली तर ती नुसती शिवून भागत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी बारीक नळी असते. ती तुटली असेल तर एक-दोन दिवसांत जोडावी लागते, नाहीतर डोळा कायम गळत राहतो. पहिल्या तपासणीला तळेगाव दाभाड्याच्या मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. पुढे पुण्यात ससून रुग्णालय आहे, महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे.

पुण्याचं नाक

चेहरा पुन्हा घडवण्याची विद्या बाहेरून आली असं वाटतं, पण लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापली होती. इंग्रज फौजेतला बैलगाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते परत बसवलं. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवला, सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवली. दोन डोळ्यांमधला जोड मात्र रक्तपुरवठ्यासाठी तसाच ठेवला. बसवलेल्या कातडीच्या कडांवर ओल्या काथाच्या पट्ट्या होत्या. साधारण पंचविसाव्या दिवशी जोड कापला. बसवणाऱ्या माणसाचं नाव त्या हकीकतीत नाही. १८१४ मध्ये लंडनच्या कार्प्यू या सर्जनने हीच पद्धत वापरली, आणि आजही नाकासाठी कपाळाची कातडी घेतात. पापणीसाठी मात्र ती जाड पडते, तिथे कानामागची घेतात.

सुया

बोटॉक्स सौंदर्यासाठी शोधलं गेलं नाही. अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये तिरळेपणा आणि आपोआप घट्ट मिटणाऱ्या पापण्यांसाठी मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची. परिणाम तीन-चार महिने टिकतो. चुकीच्या जागी गेलं तर पापणीच उतरते, काही आठवड्यांत ती परत येते.

फिलरचं, म्हणजे त्वचेखाली भरायच्या द्रव्याचं, तसं नाही. भुवयांमध्ये किंवा नाकावर टोचताना ते रक्तवाहिनीत गेलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध हाताशी आहे का, हे सुई लागण्याआधी विचारावं. उत्तर टाळलं तर उठून यावं.

विम्याची रेघ

भारतातल्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि आरोग्याचा थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचे उपचार त्यातून सुटतात. पापणीचं मोजमाप, दृष्टिक्षेत्राचे दोन्ही आलेख आणि फोटो शस्त्रक्रियेआधीच विमा कंपनीकडे द्यावेत. तपासणीला जाताना दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो न्यावेत, पापणी कधीपासून उतरली ते त्यात दिसतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी द्यावी, पण ज्यांनी त्या दिल्या त्यांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नये.