बोअरच्या चुऱ्यात काय चमकले?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बोअर घेतला. आधी काळी माती निघाली, मग मुरूम आणि मग पांढरा-गुलाबी चुरा. त्यात पिवळे पिवळे चमकत होते. मला वाटलं सोनंच आहे! आजीलापण तसंच वाटलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नको. पण मी डबीत भरून शाळेत आणला.

गुरुजींनी ताटलीत पाणी घेऊन चुरा हलवला. सोने जड असते, ते तळाला बसते. आमचे तुकडे तर पाण्याबरोबर वाहून गेले. नखाने त्याचे पापुद्रेपण निघाले. तो अभ्रक होता.

आपल्या धर्माबाद, बिलोली, देगलूरकडचा दगड ग्रॅनाइट आहे. तो सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पश्चिमेकडे गेले की काळा दगड लागतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. म्हणजे आपला दगड लई म्हातारा!

मग काळ्या दगडाखाली काय आहे? ते बोअर घेतल्यावरच कळते. लातूर जिल्ह्यात किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे भूकंप झाला. दगडमातीची घरे पडून हजारो माणसे झोपेतच गेली. जमिनीत खाली काय आहे ते बघायला नंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतले. आपल्या मशीनने दगडाचा चुरा होतो. त्यांचे मशीन मधला दगड उसाच्या कांडीसारखा अख्खा काढते. किती खोलीवरची कांडी ते लिहून पेटीत ओळीने ठेवतात. खनिज शोधणारेपण असेच करतात.

किल्लारीला 338 मीटर काळा दगड निघाला. मग 8 मीटर गाळाचे थर, आणि त्याखाली आपल्यासारखा फार जुना दगड! कोयनेला 2017 साली 3 किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. तिथे काळा दगड 1247 मीटर जाड आहे. आपल्याकडे मात्र जुना दगड उघड्यावरच आहे, त्यावर बसून आपण बोरे खातो.

या दगडात पाणी फक्त भेगांत असते. आमचा बोअर 300 फूट गेला, पण भेग लागली नाही. बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

चुऱ्याची डबी खिडकीत ठेवली आहे. सर्वांनी बघावी, पण फुंकू नये, उडतो.